वांग्यावरचा देखणा किडा

लालासाहेब मोहित्याच्या नावातच साहेब होता, त्यामुळे त्याला आणखी वेगळा मान द्यावा असं सावर्डीत कुणाला वाटलं नाही. "लालासाहेब, हिकडं ये रं," असं म्हणून गाव एका दमात त्याला साहेबही म्हणे आणि हाकही मारी. त्याचं त्याला काही वाटत नसे. पलटणीत त्याला 'मोहिते, इधर आव' म्हणत, त्यापेक्षा हे बरं.

तो लढाईवरून परत आला त्याला वर्ष होत आलं होतं. आधी इजिप्त आणि मग इटली असा त्याचा प्रवास. त्यातला निम्मा वेळ त्याने बंदूक नव्हे, तर फोटो धुण्याच्या थाळ्या धरल्या होत्या. बुटाने टाच फाटली, जखम चिघळली, आणि चालता येईना म्हणून साहेबाने त्याला फोटोच्या तंबूत पाठवलं. विमानातून काढलेले फोटो तिथे धुऊन वाळत घालायचे. एक गोरा कप्तान भिंगातून ते बघत बसे आणि हा रणगाडा, ही मोटार, ही गवताची गंजी, असं सांगत असे. लालासाहेबाला रणगाडा आणि गंजी दोन्ही पावट्याच्या दाण्यासारखे दिसत. पण काळ्या अंधारात पांढऱ्या कागदावर हळूहळू चित्र उमटतं, याचं त्याला जे वेड लागलं ते सुटलं नाही.

घरी परतल्यावर त्याने मिरजेच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याचा जुना कॅमेरा घेतला. लाकडी पेटी, पितळेच्या कड्या आणि लोहाराच्या भात्यासारखा कातडी भाता. भाता पुरता ओढला की हातभर लांब व्हायचा. फोटो काचेवर निघे. कॅमेऱ्याबरोबर म्हाताऱ्याने त्याला काच ठेवायची एक तिरकी चौकट, अणकुचीदार पेन्सिली आणि एक सल्ला दिला. म्हणाला, "लालासाहेब, माणसाला आपला चेहरा नको असतो. आपला फोटो हवा असतो."

हा सल्ला लालासाहेबाने मनापासून घेतला. सावर्डीवरून देवीची साथ दोनदा फिरून गेली होती. निम्म्या गावाच्या तोंडावर व्रण होते. काचेवर असा व्रण म्हणजे एक बारीकसा मोकळा ठिपका. त्यात पेन्सिलीचं टोक हलक्या हाताने फिरवलं की ठिपका भरून निघतो, आणि कागदावर गाल लोण्यासारखा उतरतो. लालासाहेब हे कुणाला विचारून करत नसे. न्हाव्याने न सांगता कानावरचे केस काढावेत, तसं ते होतं. गिऱ्हाईकही त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. फोटो हातात घेऊन फक्त म्हणे, "बेस निघालाय. अगदी माज्यासारका."

दुसरी सवय पलटणीतली. फोटोआधी तो 'सावधान' म्हणून ओरडे. त्यामुळे गावातले सगळे फोटो, लग्नातले, बारशाचे, सत्यनारायणाचे, कवायतीला उभे राहिल्यासारखे निघत. बनुबाईने म्हशीबरोबर फोटो काढवून घेतला, त्यात म्हैससुद्धा सावधान आहे.

गावात एकच व्यक्ती अशी होती की जिने त्याच्या कॅमेऱ्यासमोर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ती म्हणजे आक्काताई मगदूम.

आक्काताई जैनाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा शांतिनाथ घरचा ऊस आणि हळद बघे. पण नदीकाठच्या मळईतलं वांग्याचं रान मात्र आक्काताईचं. नवरा गेल्यापासून रोज सकाळी ती त्या रानात जाई. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई. वांग्यात बिया फार म्हणून स्वतः वांगं तोंडात घालत नसे, पण तिच्या रानातली वांगी सांगलीच्या बाजारात पाटीतून उतरायच्या आत उचलली जात. "खायचं न्हाई तर लावती कशाला?" असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "तुज्या आईनं तुला खायला जन्म दिलाय व्हय?"

त्या वर्षी दिवाळी झाली आणि रानाला काहीतरी लागलं. शेंड्याला मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसू लागला. खालच्या पानांवर कुणीतरी खरवडल्यासारखे चट्टे पडले. आणि त्या पानांवर टिकलीएवढे, पाठ फुगलेले, तांबूस किडे ठाण मांडून बसलेले.

शांतिनाथने सांगलीहून लढाईच्या शिलकीतल्या पांढऱ्या पावडरीचा डबा आणला आणि ओसरीवर ठेवला. योगायोगाने लालासाहेब तिथेच होता.

"लाला, पलटणीत हीच पावडर मारत व्हते न्हवं?"

"व्हय. आमच्या अंगावर मारत. उवा मरायच्या. पर वांग्यावर मारल्याली न्हाई बघितली."

"माणसाला चालती तर वांग्याला का चालू न्हाई?"

"माणसाचं भरीत करत न्हाईत, शांतिनाथ."

आतून आक्काताई बाहेर आली. तिने डब्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "माज्या रानात इख पडलं," ती शांतपणे म्हणाली, "तर त्या रानात मी परत पाय ठेवायची न्हाई. तूच लाव, तूच तोड."

शांतिनाथ वरमला. आईने त्या रानात पाय ठेवायचा नाही म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. सकाळी उठून ती जाणार कुठे? पण पीकही डोळ्यांदेखत जात होतं. "आई, किडं रान खात्यात. त्यांची पूजा करू का?"

"त्येच खात्यात कशावरनं?"

"आगं, त्येच बसल्यात की पानावर!"

"पोलीस बी चोराच्या घरीच दिसतोय. म्हनून त्योच चोर व्हय? मावा कोन खातंय, पान कोन खातंय, आदी ठरव. मग बोल."

शेवटी असं ठरलं की किड्यांचं कळणाऱ्याला विचारायचं, आणि त्याने चोर म्हटलं तर बघायचं काय ते. तोवर डबा उघडायचा नाही.

किड्यांचं कळणारा म्हणजे जवाहर शेटे. सांगलीतल्या गुळाच्या अडत्याचा मुलगा, नात्यातलाच, पुण्याला शेतकी शिकून आलेला. त्याने आपण होऊन रानात यायचं कबूल केलं असतं, पण नव्या फटफटीवरून पडून त्याने पाय मोडून घेतला होता. पाय प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टर दोरीने छताला टांगलेलं. त्याने शांतिनाथला सांगितलं, "सोपं आहे. एक किडा मारून स्पिरिटच्या बाटलीत घालून आणा. बघतो."

हा निरोप आक्काताईला सांगायची शांतिनाथची छाती झाली नाही. त्याने लालासाहेबाला सांगायला लावलं.

"चोरी केलीया का न्हाई ते बघायला आदी फाशी द्यायची?" आक्काताई म्हणाली.

"मग जित्ता नेऊ डबीत घालून?"

"आनि वाटंत गुदमारला तर? पाप कुनाचं, तुजं का डबीचं?"

लालासाहेबाने डोकं खाजवलं. आणि त्या खाजवण्यातूनच त्याला ती गोष्ट सुचली. "आक्का," तो म्हणाला, "मी फोटू काढतो की त्येचा."

आक्काताईने प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं. "त्येला दुकंल का?"

"अजून कुनाला दुकलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात वरात रानात निघाली. लालासाहेबाच्या डोक्यावर कॅमेरा, शांतिनाथच्या खांद्यावर कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं, आक्काताईच्या हातात वारा अडवायला छत्री, आणि उजेड फेकायला पितळी परात घेतलेली रंगूबाई. रंगूबाई त्या रानात वांगी तोडायला असे. तिच्या लीलीची सोयरीक नुकतीच विट्याच्या एका घरात जमत आली होती, आणि ती जमवण्यात लालासाहेबाच्या फोटोचा वाटा होता. त्यामुळे परात ती जरा प्रेमानेच धरून होती.

लालासाहेबाने भाता पुरता ओढला, काळ्या फडक्यात डोकं घातलं, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर किडा उलटा दिसू लागला. केवढा तरी मोठा! तिकडे इटलीत वरून बघितलेले रणगाडे किड्याएवढे दिसत. इथे किडा रणगाड्याएवढा दिसत होता. लालासाहेबाला भरून आलं. सवयीने त्याने फडक्यातून हुकूम सोडला, "सावधान!"

किडा घाबरला म्हणा, किंवा छत्रीचा धक्का पानाला लागला म्हणा, त्याने सहाही पाय पोटाशी घेतले आणि धपकन जमिनीवर उताणा पडला.

"मेला!" रंगूबाई किंचाळली.

आक्काताईने छत्री टाकली, हात जोडले आणि डोळे मिटून णमोकार म्हणायला सुरुवात केली. लालासाहेब ढेकळात गुडघे टेकून बसला. त्याला तंबूतला कप्तान आठवला, टाच आठवली, आपण आजवर एकही माणूस मारला नाही हेही आठवलं. मंत्र संपता संपता किड्याने एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि काही झालंच नाही अशा थाटात उठून चालू लागला.

"सोंगाड्या हाय," आक्काताई म्हणाली. पण तिच्या आवाजात कौतुक होतं.

पहिल्या काचेवर किडा हलला, त्यामुळे करपलेल्या भाकरीसारखं काहीतरी उमटलं. दुसऱ्या काचेवर आक्काताईचा अंगठा आला. म्हणजे ज्या बाईने जन्मात फोटो काढला नव्हता, तिचा पहिला फोटो अंगठ्याचा निघाला. तिसऱ्या वेळी लालासाहेब काही ओरडला नाही. किडा गारठून बसला होता. फोटो असा निघाला की लालासाहेब स्वतःवरच खूश झाला.

घरी धुतलेली ती काच वाळल्यावर त्याने तिरक्या चौकटीवर ठेवली, पेन्सिलींना टोकं काढली आणि नेहमीसारखी पुरी केली. मग मोठ्या कागदावर छापून तो फोटो चावडीपुढे नेला. गाव जमलं. कृष्णात सुताराने कासव म्हणून सांगितलं. बनुबाईला बत्तासा वाटला. आणि फोटोत किडा वीतभर दिसत असल्यामुळे, रान न बघितलेला एक म्हातारा शांतिनाथला बाजूला घेऊन म्हणाला, "आवं, हे एवडं जनावर पावडरीनं मरत न्हाई. बंदुकीचं लायसन काडा."

तो फोटो घेऊन लालासाहेब सांगलीला जवाहरकडे गेला. जवाहरने पाठीखाली उशी सारून घेतली, भिंग डोळ्याला लावलं, पुण्याहून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडलं आणि बराच वेळ कधी पुस्तक, कधी फोटो बघितला.

"सुंदर फोटो आहे," तो म्हणाला. "पाठीची गोलाई, पाय, सगळं स्वच्छ. हा ढालकिडा. यांच्यात बऱ्याच जाती आहेत. बहुतेक सगळे मावा खातात, एखादीच जात पानं खाते." तो थांबला. "पण याच्या पाठीवर ठिपके नाहीत?"

लालासाहेबाची मान ताठ झाली. "आमच्या फोटूत ठिपका सापडायचा न्हाई, साहेब."

"नक्की?"

"अख्ख्या सावर्डीत इचारा."

जवाहरने मान डोलावली. "मग प्रश्नच नाही. पानं खाणाऱ्याच्या पाठीवर ठिपक्यांची गर्दी असते. बिनठिपक्यांचा म्हणजे मावा खाणारा. हा तुमचा मित्र आहे. याला हात लावू नका. तो मावा संपवील."

निकाल ऐकून आक्काताईने देवापुढे तुपाचा दिवा लावला. शांतिनाथने डबा ओसरीवरून उचलून माळ्यावर ठेवला. लालासाहेबाचा त्या घरात असा मान वाढला की आक्काताईने त्याला बसायला पाट दिला. रानात आक्काताई रंगूबाईला बजावू लागली, "बघून चाल, राकनदारावर पाय पडंल." एक साळुंकी पानावर बसू लागली, तर तिने तिला ढेकूळ दाखवून हाकललं.

राखणदार चांगले पोसले गेले. वाढले. त्यांची पिवळी, काटेरी पिल्लं पानांच्या पाठीला चिकटली. आणि पंधरवडा होतो न होतो तोच खालच्या पानांची जाळी झाली. नुसत्या शिरा उरल्या. पानातून पलीकडचा बांध दिसू लागला.

शांतिनाथ रानात आला, एक पान तोडून त्याने डोळ्यासमोर धरलं आणि त्यातून आईकडे बघितलं. "आई, राकनदार लय इमानी हाईत. चोराला काय उरूच दिलं न्हाई." मग तो लालासाहेबाकडे वळला. "येत्या बाजारापातूर बघतो, गड्या. मग पावडर पडनार. आईला काय वाटायचं ते वाटू दे."

आक्काताई बांधावर बसली आणि पदराने तोंड पुसलं. तिला कधी बांधावर बसलेलं लालासाहेबाने पाहिलं नव्हतं.

त्याला वाटलं, जवाहरचं काहीतरी चुकलं. किंवा किडा बदलला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कॅमेरा घेऊन रानात आला. परात घेऊन रंगूबाई, छत्री घेऊन आक्काताई. फडक्यात डोकं घालून त्याने भाता सरकवला. दुधी काचेवर किडा उलटा उभा राहिला, आणि त्याच्या पाठीवर ठिपके होते.

काचेवर धूळ असेल म्हणून त्याने धोतराच्या सोग्याने काच पुसली. ठिपके होते. भिंग पुसलं. ठिपके होतेच. ओळीने, दोन्ही अंगांना, काळेभोर. गेल्या खेपेला हे कुठे होते? आणि मग फडक्याच्या अंधारात त्याला आपल्या ओसरीवरची तिरकी चौकट दिसली, पेन्सिलीची टोकं दिसली, आणि त्या दिवशी मनात आलेला विचार जसाच्या तसा आठवला. त्याला वाटलं होतं, बिचाऱ्याला देवी लय दाट आल्यात.

लालासाहेब फडक्यातून बाहेर येईना.

"झालं का रं?" आक्काताईने विचारलं.

"होतंय."

त्याच्या मनात हिशेब चालला होता. हे सांगितलं तर घराघरात टांगलेल्या एकेका फोटोकडे लोक नव्याने बघू लागणार. विट्याचे पाहुणे आठवड्यात सुपारी फोडायला येणार होते, आणि परात धरून जी बाई उभी होती तिच्या लेकीच्या गालावरून त्याने निम्मी पेन्सिल झिजवली होती. न सांगावं? किडा बदलला म्हणून सांगावं? जवाहर पाय टांगून पडलाय, त्याला काय कळणार? पण फडक्याच्या फटीतून त्याला आक्काताईची अनवाणी पावलं दिसत होती. मळईच्या त्या मातीत रोज उमटणारी. बाजार झाला की ती उमटायची थांबणार होती.

तो बाहेर आला, आक्काताईच्या जवळ गेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आक्का, चूक माजी हाय. त्येच्या पाठीवर ठिपकं व्हतं. मी पेन्सिलीनं घालीवलं. हाताला सवय लागलीया."

आक्काताईला डाव्या कानाने जरा कमी ऐकू येत असे, आणि लालासाहेब नेमका डाव्या बाजूला उभा होता. ऐकू आलं तेवढं तिने जुळवलं. मग सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "किड्याच्या देवी काडल्यास व्हय रं?"

वांगी तोडणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एकीने तोंडाला पदर लावला, दुसरी पाटीवर बसून हसू लागली. "आनि माज्या म्हशीच्या गोचड्या बी काडल्या का रं फोटूत?" असं बनुबाईने पलीकडच्या सरीतून विचारलं. हसली नाही ती एकटी रंगूबाई. परात तोंडापुढे धरून ती दबक्या आवाजात म्हणत होती, "आवं, गप बसा की! कुनी ऐकंल! विट्याला जाईल बातमी!"

"जाऊ दे गं," आक्काताई म्हणाली. "लीलीच्या देवी तुमच्या पाव्हन्यानं हितं येऊन बघितल्यात न्हवं? मग? फोटू बघून पसंत केली का पोरगी बघून?"

"पोरगी बघून."

"मग झालं तर." आणि लालासाहेबाकडे वळून म्हणाली, "काड आता. आनि पेन्सिलीला हात लावलास तर बघ."

लालासाहेबाने फोटो काढला. या खेपेला किड्याशेजारी त्याने भोकाचा पैसा ठेवला, म्हणजे कुणाला बंदुकीची आठवण होऊ नये. काच धुतली, आणि पेन्सिली शेजारच्या घरी ठेवायला देऊन मगच छापायला बसला.

सांगलीला जवाहरने भिंगातून ठिपके मोजले, पुस्तकातलं चित्र बघितलं आणि पुन्हा मोजले. "हा पानं खाणारा," तो म्हणाला. "शंकाच नाही. अहो, मी विचारलं होतं तुम्हाला!"

"व्हय, साहेब. आमी धंद्याचं उत्तर दिलं." आणि लालासाहेबाने सगळं सांगितलं.

जवाहर इतका हसला की टांगलेला पाय झोके घेऊ लागला आणि आतून त्याची आई धावत आली. मग डोळे पुसून तो म्हणाला, "चूक माझीही आहे. एवढा गुळगुळीत ढालकिडा पाहून मला संशय यायला हवा होता." हाताने वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका, असं त्याने सांगितलं, आणि लगेच आक्काताई आठवून म्हणाला, "किंवा हे बघा. हा किडा काटेरिंगणीवरही राहतो. वांग्याचीच बहीण ती. बाकी मावा खाणारे, चार-सहा ठिपक्यांचे, चकचकीत, ते मात्र रानातच ठेवा."

लालासाहेबाने हे सगळं आक्काताईला सांगितलं. मग तिने एकच शंका विचारली.

"म्हंजे जो नुसता पाला खातो, कुनाच्या जिवाला हात लावत न्हाई, त्यो चोर?"

"व्हय, आक्का."

"आनि जो दुसऱ्याचा जीव खातो, त्यो राकनदार?"

"पुस्तकात तसंच हाय."

"मुनीम्हाराज आले की इचारते," ती म्हणाली. "तवर रिंगणीच्या माळावर सोडा त्येस्नी. पाला तिकडं बी हाय."

पावडरीचा डबा माळ्यावरच राहिला, कारण शांतिनाथने बाजारापर्यंतचा शब्द दिला होता. "किड्यांची वरात!" असं म्हणत का होईना, पण पहिल्या दिवशी मडकं त्यानेच उचललं. बायका किडे आणि पिल्लांची पानं मडक्यात घालत, वर फडकं बांधत, आणि शांतिनाथ व लालासाहेब ते घेऊन उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असे तिथून, नदी ओलांडत. पाणी मांडीला लागे. पलीकडे ओसाड माळ होता, त्यावर काटेरिंगणी आपली जांभळी फुलं घेऊन पसरलेली. तिथे मडकं हळूच उपडं करायचं. पहिल्या दिवशी शांतिनाथ वाटभर करवादला. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच पानं उलटून बघू लागला आणि बायकांना सांगू लागला, "ह्यो न्हवं, ह्याचं ठिपकं मोज की." बाजारचा दिवस आला आणि गेला. खालची पानं गेली ती गेलीच, निम्मं पीकही गेलं, पण शेंड्याला नवी पालवी धरू लागली, आणि डब्याचं नाव कुणी काढलं नाही.

असंच एका सकाळी दोघांनी माळावर मडकं उपडं केलं. ठिपकेवाले रिंगणीवर चढू लागले. त्यांच्यात एक वेगळाच होता. चकचकीत, नारिंगी, पाठीवर मोजकेच ठिपके.

"ह्यो राकनदार," शांतिनाथ खाली बसून म्हणाला. "चुकून आला."

"असू दे," लालासाहेब म्हणाला. "एकच तर हाय."

"हितं मावा कुटं हाय? खाईल काय?"

"मिळंल काय तरी. चल, ऊन व्हायला लागलं."

शांतिनाथ उठला नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, मडकं बघितलं, ते चिखलाने भरलं होतं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, पानासकट तो किडा तिच्यात घेतला, तोंड हलक्या हाताने मिटलं आणि बोडक्या डोक्याने उताराकडे चालू लागला. लालासाहेब मडकं घेऊन मागून निघाला. पाण्यात शिरल्यावर शांतिनाथने दोन्ही हातांनी टोपी छातीशी धरली.

अलीकडच्या काठावर गुंडा माने बैलांना पाणी पाजत होता. बोडक्या डोक्याने, खाली मान घालून, मांडीपर्यंतच्या पाण्यातून येणारा शांतिनाथ आणि त्याच्यामागे मडकं घेतलेला माणूस बघून त्याने घाईघाईने कासरा सोडला आणि पुढे आला.

"आवं, शांतिनाथअण्णा," तो हळहळून म्हणाला, "कोन गेलं?"

"गेलं कुनी न्हाई," शांतिनाथ न थांबता म्हणाला. "एकजन गेलता, त्येला माघारी नेतोय."

गुंडाने लालासाहेबाकडे बघितलं. लालासाहेबाने मान डोलावली. तेव्हा गुंडा शांतिनाथच्या बाजूने दोन पावलं चालला, टोपीत डोकावला, आणि मग वाट सोडून अदबीने बाजूला उभा राहिला.